ट्रॅक्टरची देखभाल : घरी किती, कर्मशाळेत किती?

बार्शी तालुक्यातील वैराग आणि आसपासच्या गावांत रब्बी ज्वारी, तूर व हरभरा ही जुनी पिके होत. त्यांच्या जोडीला सोयाबीन, उडीद, कांदा आणि द्राक्षे आली. पिके बदलत गेली तसा शेतातील बैलांचा वाटा कमी होत गेला आणि नांगरट, पाळी, पेरणी, फवारणी, मळणी व मालाची वाहतूक ही सारी कामे ट्रॅक्टरवर येऊन पडली. ज्याच्या दारी ट्रॅक्टर आहे तो आपली शेती तर करतोच, शिवाय शेजाऱ्यांची नांगरट आणि मळणी भाड्याने करून देतो व त्या मिळकतीतून कर्जाचा हप्ता भरतो.

असा ट्रॅक्टर नेमका उत्तरा किंवा हस्त नक्षत्राचा पाऊस उघडल्यावर, जमिनीला वाफसा आला असता बंद पडला, तर त्याची किंमत दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही. काळ्या जमिनीचा वाफसा चार-सहा दिवस टिकतो. तेवढ्यात ज्वारीची पेरणी झाली नाही, तर बियाणे कोरड्यात पडते आणि उगवण विरळ होते. म्हणून ट्रॅक्टरची देखभाल कोणी करावी हा प्रश्न केवळ पैशाचा नाही, तो वेळेचा आहे. हा विचार नीट ध्यानात न घेतल्यामुळेच या बाबतीत दोन टोकाची मते ऐकू येतात.

काही शेतकरी म्हणतात, कंपनीच्या माणसाखेरीज यंत्राला कोणी हात लावू नये. पान्हा फिरविला की हमी गेली. दुसरे म्हणतात, शोरूममध्ये ट्रॅक्टर नेला की बिल फुगते. सारे काम गावातल्या मिस्त्रीकडून वा घरच्या घरी उरकावे. पहिला शेतकरी तेल बदलण्यासाठी गर्दीच्या दिवसांत यंत्र अडकवून ठेवतो. दुसरा एके दिवशी डिझेल पंपाचे सील तोडतो. दोघांचेही नुकसान होते, पण ते वेगवेगळ्या ठिकाणी होते.

बिलातील दोन भाग

अधिकृत विक्रेत्याच्या कर्मशाळेतील बिल हातात घेतले असता त्याचे दोन भाग वेगळे करून पाहावेत. पहिला भाग मालाचा : इंजिन ऑईल, गाळण्या, ग्रीस, वॉशर. दुसरा भाग मजुरीचा. नव्या ट्रॅक्टरबरोबर ज्या ‘मोफत’ सर्व्हिस मिळतात त्यांत सामान्यतः मजुरी माफ असते, माल नव्हे. ऑईल व फिल्टर यांचे पैसे द्यावेच लागतात. पहिल्याच सर्व्हिसला बिल आले म्हणून पुष्कळ शेतकरी रागावतात. खरेदीच्या वेळी पुस्तकातील कुपने वाचली असती तर हा गैरसमज झाला नसता.

मालाचा खर्च घरी काम केले तरी जवळजवळ तेवढाच येतो. फरक पडतो तो मजुरीत, जाण्यायेण्यात आणि खोळंब्यात. हिशेबाची रीत दाखविण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुढील आकडे मानलेले आहेत; प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या गावचे व आपल्या यंत्राचे आकडे घालावेत.

समजा, वैराग शिवारातील एक ट्रॅक्टर वर्षात ७५० तास चालतो. त्याचे इंजिन ऑईल दर २५० तासांनी बदलावयाचे असल्याने वर्षाला तीन सर्व्हिस येतात. एका वेळी ८ लिटर ऑईल, दर ३०० रुपये, म्हणजे २,४०० रुपये आणि ऑईल फिल्टर ४०० रुपये, असे मालाचे २,८०० रुपये झाले. कंपनीची कर्मशाळा बार्शीला आहे, जाऊन-येऊन ५० किलोमीटर पडतात, आणि त्यासाठी दोन तासांत ८ लिटर डिझेल जळते. ९० रुपये दराने त्याचे ७२० रुपये होतात. कर्मशाळेची मजुरी व किरकोळ आकार १,००० रुपये धरू.

आता दिवस मोडल्याचा हिशेब. काम नसलेल्या दिवसांत ट्रॅक्टर नेला तर चालकाची त्या दिवसाची मजुरी, समजा ६०० रुपये, एवढाच जादा खर्च होय. एकूण ५,१२० रुपये. परंतु मळणीच्या किंवा पेरणीच्या दिवसांत नेला तर सहा तासांचे भाडे बुडते. डिझेल वजा जाता तासाला ६०० रुपये उरत असतील तर हे नुकसान ३,६०० रुपयांचे झाले. येथे चालकाची मजुरी पुन्हा धरावयाची नाही, कारण ती त्या बुडालेल्या मिळकतीतूनच द्यावयाची होती. या वेळची एकूण रक्कम ८,१२० रुपये होते. तेच काम घरी केले तर मालाचे २,८००, दोन तासांच्या श्रमाचे २०० आणि अवजारांची झीज, चिंध्या व धुण्याचे डिझेल यांचे २००, असे ३,२०० रुपये पडतात.

तीनपैकी दोन सर्व्हिस सवडीच्या काळात आणि एक गर्दीत आली, तर कर्मशाळेत वर्षाला १८,३६० रुपये आणि घरी ९,६०० रुपये लागतात. ८,७६० रुपये वाचले. रक्कम लहान नाही. पण याच उदाहरणात पुढे एक गोष्ट जोडून पाहावी : घरी काम करताना हयगय झाली आणि इंजिन कामाला आले, व त्याचा खर्च समजा ६०,००० रुपये झाला, तर जवळजवळ सात वर्षांची बचत एका फटक्यात गेली. बचत खरी आहे, पण ती काम नीट करणाऱ्याचीच आहे.

कंपन्यांचे फिरते मिस्त्री शेतावर येऊन सर्व्हिस करतात, ही सोयही विचारात घ्यावी. त्यांचा भेटीचा आकार द्यावा लागला तरी गर्दीच्या काळात दिवस वाचतो, आणि वरील हिशेबात दिवसाचे मोल सर्वांत मोठे आहे हे दिसतच आहे.

धूळ

ज्या एका कारणासाठी घरची देखभाल टाळताच येत नाही ते कारण म्हणजे धूळ. कर्मशाळेतील मिस्त्री यंत्राला २५० तासांतून एकदा पाहतो. वैराग भागातील धूळ त्याची वाट पाहात नाही.

जानेवारीत तूर, त्यापुढे हरभरा आणि ज्वारी यांच्या मळण्या सुरू होतात. मळणी यंत्र पी.टी.ओ.वर चालवीत असताना ट्रॅक्टर एकाच जागी तासन् तास उभा असतो आणि भोवती भुसा, काटकी व माती यांचा लोट उठलेला असतो. इंजिन त्याच लोटातून श्वास घेते. नांगरताना ट्रॅक्टर निदान धुळीला मागे टाकून पुढे जातो; मळणीत तो तिच्यात बुडालेला असतो. त्यातच मळणीचा सपाटा रात्रंदिवस चालला तर वीस दिवसांत २५० तास भरतात, हे तासमापकाकडे न पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून तेल बदलण्याचा दिवस तारखेवरून नव्हे, तासांवरून ठरवावा.

मातीतील बारीक कण कठीण असतात. ते हवेबरोबर सिलिंडरमध्ये गेले की पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांना कानशीसारखे घासतात. काही कण तेलात उतरून बेअरिंगपर्यंत पोहोचतात. इंजिन तेल खाऊ लागते, धूर निळसर होतो, इंजिनाच्या श्वासनळीतून वाफारा येऊ लागतो आणि नांगराला जोर कमी पडतो. इतके दिसू लागेपर्यंत झीज होऊन गेलेली असते. चांगल्या प्रतीचे महागडे तेल घालूनही ती भरून येत नाही.

हवेची गाळणी दोन प्रकारची असते. तेलाच्या वाटीची गाळणी बऱ्याच ट्रॅक्टरांवर आहे. तिच्यात हवा प्रथम तेलावरून जाते आणि धूळ तेलात अडकते. मळणीच्या दिवसांत ही वाटी रोज काढून पाहावी. तळाशी चिखलाचा थर जमला असेल किंवा तेल घट्ट झाले असेल तर ते टाकून वाटी डिझेलने धुवावी, पुसून कोरडी करावी आणि पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचे तेल खुणेपर्यंत भरावे. खुणेच्या वर भरू नये. जादा तेल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते, ते डिझेलसारखे जळू लागते आणि इंजिन आवरेनासे होण्याचा धोका असतो. जळालेले तेलच वाटीत घालण्याची चाल काही ठिकाणी आढळते. चार रुपयांची ती काटकसर सोडून द्यावी.

दुसरी गाळणी कागदी, कोरडी असते. तिच्यात एकात एक अशी दोन नळकांडी असतात. बाहेरचे नळकांडे आतून बाहेरच्या दिशेने हलक्या दाबाची हवा मारून साफ करता येते. बाहेरून आत हवा मारल्यास धूळ कागदात अधिकच रुतते. नळकांडे दगडावर वा चाकावर आपटू नये, कारण त्याचा काठ वाकतो आणि त्या फटीतून धूळ बिनगाळताच आत जाते. आतले नळकांडे साफ करण्यासाठी नसतेच, ते बदलावयाचे असते. साफ केलेल्या बाहेरच्या नळकांड्यात दिवा धरून पाहावे. कोठे ठिपक्याएवढाही उजेड दिसला तर नवे बसवावे.

गाळणी नवी असूनही इंजिन धुळीने खराब झाल्याची उदाहरणे घडतात, त्याचे कारण बहुधा गाळणीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी हे असते. ती उन्हाने चिरते, पट्टी ढिली पडते, आणि इंजिन सोपी वाट धरून तेथूनच हवा ओढते. नळीच्या आतून बोट फिरवावे. बोटाला माती लागली तर गाळणीनंतर कोठेतरी फट आहे असे समजावे. ह्या तपासणीला दोन मिनिटे लागतात व कसलेही अवजार लागत नाही. घरच्या देखभालीत एकच काम करावयाचे असेल तर हे करावे.

मळणीत दुसरा त्रास रेडिएटरचा. जाळीवर भुसा चिकटून हवा कोंडते आणि पाणी उकळते. जाळी दिवसातून दोन-तीन वेळा, इंजिन बंद करून, झाडावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळलेल्या पाण्याने चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेड तडकते. बोअरचे क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे भरले की आतून खडूसारखा थर बसतो, आणि मग पंखा, पट्टा, जाळी सर्व ठीक असूनही इंजिन तापते. त्याऐवजी कंपनीने सांगितलेले शीतक मिश्रण वापरावे.

घरी करावयाची कामे

या खेरीज रोजच्या कामांत तेलाची पातळी पाहणे येते. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर काही वेळाने पट्टी काढून पाहावी. पातळी एकाएकी वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. तेलात डिझेल किंवा पाणी उतरत असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी इंजिन न चालविता जाणत्या मिस्त्रीला बोलवावे.

इंजिन ऑईल बदलण्याचे काम दोन माणसे सहज करू शकतात. बहुतेक ट्रॅक्टरांत ते सुमारे २५० तासांनी करतात, पण आपल्या यंत्राचा आकडा आपल्या पुस्तकातूनच घ्यावा. इंजिन थोडे चालवून तेल गरम असतानाच काढावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर बाहेर पडतो. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने तेल लावावे व तो हाताने घट्ट बसवावा. पान्ह्याने आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही. पुस्तकात दिलेल्या प्रतीचे तेल, दिलेल्या मापाने भरावे. नंतर इंजिन मंद चालवून गळती पाहावी, बंद करून थांबावे आणि पट्टी पुन्हा पाहावी. निचऱ्याचा नट पुन्हा बसविण्याआधी त्याचे वॉशर जागेवर आहे की नाही हे पाहावयास विसरू नये. घरच्या कामात हमखास होणारी चूक तीच.

ग्रीस देताना निप्पल आधी पुसावा, नाहीतर पंप मातीच आत ढकलतो. फवारणीसाठी द्राक्षबागेत चालणाऱ्या लहान ट्रॅक्टरांना तर फवारणीनंतर धुणे आणि ग्रीस देणे दोन्ही जरूर आहेत, कारण औषधांनी धातू खातो. बॅटरीत शुद्ध पाणी पट्ट्यांच्या वर सुमारे १० मिलिमीटर राहील इतके असावे. चाकांचे बोल्ट व पंख्याचा पट्टा आठवड्याला पाहावेत.

डिझेलच्या बाबतीत जुन्या पिढीला आजच्यापेक्षा अधिक समज होती, असे म्हणावयास हरकत नाही. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली, आणि विजेचे खांब येण्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील विहिरींवर अशी डिझेल इंजिने चालत. डिझेल संपून नळीत हवा शिरली तर ती कशी काढावी हे मोट सोडून इंजिनावर आलेला शेतकरी शिकून घेई; त्यावाचून उसाला पाणी मिळत नसे. विहिरीवर विजेची मोटार बसली आणि हे ज्ञान एका पिढीत मागे पडले. ट्रॅक्टरला मात्र त्याची अजून गरज आहे. टाकी संध्याकाळी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्याने रिकाम्या जागेत दव धरत नाही. डिझेलचा डबा हलवून लगेच ओतू नये. गाळणीच्या भांड्यातील पाणी नियमाने सोडावे. साध्या पंपाच्या इंजिनात हवा शिरल्यास गाळणीवरील स्क्रू सैल करून, हातपंप दाबून, बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे व मग स्क्रू आवळावा.

ही कामे करताना ट्रॅक्टर सपाट जागी, ब्रेक लावून, अवजार खाली टेकवून उभा करावा. जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली लाकडी ठोकळे दिल्याशिवाय शिरू नये. पी.टी.ओ.चे आवरण काढून ठेवलेले ट्रॅक्टर गावोगाव दिसतात. फिरत्या दांड्यात धोतराचा सोगा, उपरणे किंवा पदर अडकला तर माणूस सोडविण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. आवरण तुटले असेल तर कर्मशाळेच्या पहिल्या फेरीत ते बसवून घ्यावे.

कोठे थांबावे

डिझेल पंप, हायड्रॉलिकचे अंतर्गत भाग, गिअर पेटी व क्लच ही कामे घरची नव्हेत. डिझेल पंपाला सील असते ते उगीच नव्हे. प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल द्यावयाचे हे चाचणी यंत्रावर मोजून ठरविलेले असते. जोर वाढावा म्हणून सील तोडून स्क्रू फिरविला की काळा धूर आणि डिझेलचा खर्च वाढतो, इंजिन तापते, आणि हमीही जाते. नोझलची तपासणीही दाब मोजणाऱ्या यंत्रावरच करावी. हे काम अधिकृत कर्मशाळेतच झाले पाहिजे असे नाही. चाचणी यंत्र असलेला स्वतंत्र पंप मिस्त्रीही ते करू शकतो. पाहावयाचे ते यंत्र आणि हात, पाटी नव्हे. हमीचा काळ संपला नसेल तर मात्र पाटीही पाहावी.

हमीपत्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. किती वर्षे किंवा किती तास, कोणती सर्व्हिस कोणाकडून आणि कोणत्या तेलाने, हे त्यात लिहिलेले असते. हमी चालू असेपर्यंत सांगितलेल्या सर्व्हिस अधिकृत कर्मशाळेत वा तिच्या फिरत्या मिस्त्रीकडून करून घ्याव्यात व कुपने भरून घ्यावीत. हवेची गाळणी, ग्रीस, पाणी, पट्टा ही रोजची कामे हमीच्या काळातही घरचीच असतात. ती केली नाहीत म्हणून हमी नाकारली जाऊ शकते, केली म्हणून नव्हे.

नव्या मोठ्या ट्रॅक्टरांत एक निराळी अडचण आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे अशा इंजिनांत संगणकाने नियंत्रित होणारी डिझेल पद्धती आली. तिच्या नळ्यांत हजार वातावरणांहूनही अधिक दाब असतो. चालू इंजिनात अशी नळी सैल केली तर डिझेलची धार कातडीत सुईसारखी घुसते. जुन्या ट्रॅक्टरवर हात बसलेल्या मिस्त्रीने तीच रीत येथे लावू नये. बिघाड कोठे आहे हे सांगणारे यंत्रही बहुधा कंपनीच्याच माणसाजवळ असते, म्हणून असा ट्रॅक्टर घेताना कर्मशाळा किती दूर आहे आणि फिरता मिस्त्री किती वेळात येतो, हे किमतीइतकेच बारकाईने विचारावे.

हा प्रश्न वैरागचाच आहे असे नव्हे. अमेरिकेत मोठ्या शेतीयंत्रांच्या मालकांनी, दुरुस्तीसाठी लागणारी माहिती व साधने आपणास मिळावीत अशी मागणी अनेक वर्षे केली. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली तसा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. आपल्या देशात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि ज्या क्षेत्रांकडे प्रथम लक्ष द्यावयाचे ठरले त्यांत शेतीची अवजारे व यंत्रे होती. शेतकऱ्याला आज हाताशी असलेले साधन म्हणजे ट्रॅक्टरबरोबर आलेले मालकाचे पुस्तक. ते अनेक घरांत कपाटाच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, न उघडता पडलेले असते. मराठी प्रत मिळत असल्यास विक्रेत्याकडून ती आग्रहाने मागून घ्यावी.

बार्शीच्या लोकांना यंत्राच्या सांभाळाची एक जुनी साक्ष ठाऊक आहे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाईट रेल्वेची इंजिने इंग्लंडमधील लीड्स येथे बनलेली होती. बिघाड झाला म्हणून ती समुद्रापार धाडणे शक्य नव्हते. या रेल्वेची कर्मशाळा कुर्डुवाडीला होती, आणि पिढ्यान् पिढ्या याच भागातील कामगारांनी तेथे यंत्राचे काम केले. तेव्हा हात कुशल होण्यासाठी कंपनीचा शिक्का लागतो असे नाही; शिकण्याची शिस्त लागते. मध्य प्रदेशात बुधनी येथे १९५५ साली सुरू झालेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टर चालविण्याचे व सांभाळण्याचे शिक्षण दिले जाते, आणि जिल्ह्यातील कृषि विज्ञान केंद्रांकडे अशा प्रशिक्षणाबाबत विचारणा करता येते.

सुटे भाग आणि वही

घरी काम करणाऱ्याला सर्वांत मोठा धोका बनावट मालाचा असतो. वेष्टन हुबेहूब असते, आतला कागद पातळ असतो. फिल्टर पक्क्या बिलावर, नेहमीच्या दुकानातून घ्यावा आणि पहिल्या वेळी जुना शेजारी ठेवून वजन, कागदाच्या घड्या व रबरी कडे यांची तुलना करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या अनेक सुट्या भागांवरील जी.एस.टी. १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. बिलात आकारलेला दर वाचण्याची सवय ठेवावी. कर्मशाळेत काम केल्यावरही बदललेला जुना भाग परत मागावा. काम सुरू होण्यापूर्वी कोणते काम व अंदाजे किती खर्च हे कामपत्रावर लिहून घ्यावे. स्वतःच्या उपजीविकेसाठी ट्रॅक्टर वापरणारा शेतकरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो, पण कागद नसेल तर तेथे त्याच्या शब्दाला आधार उरत नाही.

यासाठी प्रत्येक ट्रॅक्टरमागे एक वही असावी. तासमापकाचा आकडा, तारीख, काय बदलले, किती रुपये लागले आणि काम कोणी केले, एवढ्या पाच गोष्टी ओळीत लिहाव्यात. घरी तेल बदलले तर त्याचे बिल त्याच पानाला टाचावे. जुना ट्रॅक्टर विकतानाही अशी वही दाखविणाऱ्याशी घासाघीस करणे गिऱ्हाइकाला जड जाते. एका वर्षाची वही समोर ठेवली की वर दिलेल्या उदाहरणातील मानलेल्या आकड्यांची गरजच राहणार नाही.

ग्राम-कार्यकर्त्यांनी हे काम भाषणाने न करता प्रात्यक्षिकाने करावे. मळणी सुरू होण्याआधी, डिसेंबरच्या अखेरीस, गावातील एक ट्रॅक्टर निवडून त्याची हवेची गाळणी सर्वांसमोर उघडावी आणि नळीच्या आतून बोट फिरवून दाखवावे. ट्रॅक्टर चालविणारे मुलगे व पगारी चालक यांना मुद्दाम बोलवावे, कारण मालक बिल भरतो, पण तेलाची पट्टी रोज पाहावयाची ती त्यांना. पाच-सहा ट्रॅक्टरमालकांनी मिळून पान्ह्यांचा संच, ग्रीस पंप, निचऱ्याची घमेली व ठोकळे घेतल्यास प्रत्येकाला खर्च थोडा येतो. मात्र संच कोणाकडे आहे हे लिहून ठेवणारा एकजण नेमावा, अन्यथा पहिल्याच हंगामात त्यातले मोजके पान्हे नाहीसे होतात.

काढलेले जळके तेल बांधावर किंवा ओढ्यात ओतू नये. ते झाकणाच्या डब्यात साठवून, डबा भरला की जळके तेल विकत घेणाऱ्या परवानाधारक व्यापाऱ्याला द्यावे. विहिरीजवळच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा राहात असेल तर तेल बदलण्याची जागा तेथून दूर, पक्क्या फरशीवर ठरवावी.